इरी कालव्याच्या काठावरून: अमेरिकेचा पश्चिम विस्तार नेमका कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जमिनीवर झाला

अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्ताराचे जे चित्र आपल्या मनात असते ते बहुतेक चित्रपटांनी घडवलेले असते. कापडी छताच्या गाड्यांची रांग, घोड्यावर बसलेला एकटा पुरुष, खांद्यावर बंदूक, समोर कोणाच्याही मालकीची नसलेली अफाट जमीन, आणि या साऱ्यात सरकार नावाची गोष्ट कुठेही दिसत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, रॉचेस्टर शहराजवळ, संसार थाटल्यापासून मला या चित्राबद्दल शंका येऊ लागली, कारण आमच्या गावाच्या मधोमध इरी कालवा वाहतो आणि या कालव्याचा इतिहास त्या चित्राशी जुळत नाही. अमेरिकेचा पश्चिमेकडे सरकण्याचा पहिला मोठा टप्पा, आणि त्याच्याबरोबरच उद्योगधंद्यांची पहिली मोठी वाढ, ही एका राज्य सरकारने कर्ज काढून खणलेल्या चाळीस फूट रुंदीच्या चराने घडवून आणली. त्या चरासाठी लागलेली जमीन मोकळी नव्हती, ती मोकळी करण्यात आली होती. इथल्या शाळांमध्ये चौथीच्या वर्गात राज्याचा इतिहास शिकवतात आणि त्यात इरी कालव्याला मानाचे स्थान असते. माझ्या मुलीच्या वहीत पहिली गोष्ट तपशिलाने होती, दुसरी जेमतेम दोन ओळींत आटोपलेली होती. म्हणून या लेखात मी दोन्ही सांगणार आहे.

प्रथम एक खुलासा करायला हवा. आपल्याकडचा नीरेचा किंवा मुळा-मुठेचा कालवा धरणातले पाणी शेतापर्यंत नेतो. इरी कालव्याचे मुख्य काम सिंचन नव्हे, तर वाहतूक हे होते. तो पाण्याचा रस्ता होता, आणि त्यावरून होड्या ओढायला काठच्या वाटेने घोडे आणि खेचरे चालत.

असा रस्ता का लागला, हे समजण्यासाठी नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिची वस्ती मुख्यतः अटलांटिक महासागराच्या किनारपट्टीवर होती आणि तिच्या मागे अ‍ॅपलेशियन पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरलेली होती. रांगेपलीकडे ओहायोची सुपीक जमीन आणि पाच महासरोवरे होती, पण तिथे पिकवलेला गहू किनाऱ्यावरच्या बाजारात आणायचा तर डोंगर ओलांडून खडबडीत रस्त्यांनी गाडीतून आणावा लागे. इरी सरोवराकाठचे बफेलो ते न्यूयॉर्क शहर या प्रवासात एक टन मालाला सुमारे १०० डॉलर भाडे पडे आणि जवळजवळ तीन आठवडे लागत. गव्हाच्या किमतीपेक्षा त्याची वाहतूक महाग पडत असल्यामुळे डोंगरापलीकडचे शेतकरी धान्याची दारू गाळीत, कारण तेवढ्याच वजनात ती अधिक पैसे देत असे. धान्य तसेच विकायचे, तर मिसिसिपी नदीतून दक्षिणेला न्यू ऑर्लीन्सला सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पश्चिमेकडचा व्यापार असाच दक्षिणेकडे वाहत राहिला तर पुढेमागे पश्चिमेकडची माणसेही पूर्वेपासून तुटतील, अशी धास्ती त्या काळच्या राज्यकर्त्यांना होती.

पर्वतरांगेतली एक सखल फट मात्र न्यूयॉर्क राज्यात होती. हडसन नदीला ऑल्बनीजवळ मिळणाऱ्या मोहॉक नदीचे खोरे पश्चिमेकडे डोंगरांच्या मधून जाते आणि त्याच्या पुढचा प्रदेश बऱ्यापैकी सपाट आहे. हडसनच्या पातळीपेक्षा इरी सरोवराची पातळी सुमारे ५७० फूट वर आहे. हा चढ टप्प्याटप्प्याने चढवता आला, तर महासरोवरे आणि समुद्र पाण्याने जोडता येतील, हे अनेकांच्या मनात घोळत होते. तपशीलवार लिहिले मात्र जेसी हॉली या पिठाच्या व्यापाऱ्याने, आणि तेही तुरुंगात बसून. वाहतुकीच्या खर्चाने त्याचे दिवाळे वाजले होते आणि कर्ज फेडता न आल्यामुळे तो कॅनंडेग्वा गावच्या तुरुंगात होता. तिथून १८०७ आणि १८०८ मध्ये ‘हर्क्युलिस’ या टोपणनावाने त्याने स्थानिक वृत्तपत्रात चौदा लेख लिहिले आणि कालव्याचा मार्ग, खर्च आणि फायदा मांडला. ज्याला भाड्याने बुडवले त्यानेच भाड्यावरचा उपाय सांगावा, यात मला विशेष नवल वाटत नाही. दुखणे त्यालाच नीट ठाऊक होते.

राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे हा विषय १८०९ मध्ये गेला तेव्हा त्यांनी आजच्या घडीला असा विचार करणे जवळजवळ वेडेपणाचे आहे, असे मत दिले. पुढे केंद्राच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रस्ते आणि कालवे यांसाठी निधी राखून ठेवणारे विधेयक मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी ३ मार्च १८१७ रोजी, आपल्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी, ते नाकारले. अशी कामे करण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा न्यूयॉर्क राज्याने हे ओझे एकट्याने उचलायचे ठरवले. डेविट क्लिंटन या राजकारण्याने या कामाचा ध्यास घेतला, त्याच वर्षी तो गव्हर्नर झाला, आणि ४ जुलै १८१७ रोजी रोम नावाच्या गावाजवळ पहिली कुदळ पडली. त्यानंतर चारच महिन्यांनी खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. आपल्या शाळेत शिकलेल्या तारखांच्या शेजारी ही तारीख ठेवली की काळाचा अंदाज नीट येतो, म्हणून मी ती मुद्दाम इथे नोंदवते.

पैशाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत रोचक वाटते आणि तीच शाळेच्या पुस्तकांत सर्वांत कमी येते. ३६३ मैल, म्हणजे सुमारे ५८४ किलोमीटर लांबीच्या कालव्यासाठी सुमारे ७० लाख डॉलर लागले, आणि ही रक्कम त्या काळच्या राज्याच्या आवाक्याबाहेरची होती. राज्याने कर्जरोखे काढले, आणि त्यांच्या व्याजाची हमी म्हणून सिराक्यूजजवळच्या ऑनंडागा मिठागरांच्या मिठावर बुशेलमागे (बुशेल हे धान्य-मीठ मोजायचे तिकडचे माप) साडेबारा सेंट कर बसवला, लिलावात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा लावून दिला. सुरुवातीला बड्या धनिकांनी या रोख्यांकडे पाठ फिरवली. न्यूयॉर्क शहरात १८१९ मध्ये एक बचत बँक उघडली होती, तिचे ठेवीदार मोलकरणी, कारागीर, छोटे दुकानदार असे होते, आणि त्यांच्या ठेवींपैकी मोठा भाग या बँकेने कालव्याच्या रोख्यांत गुंतवला. कालव्याचा मधला टप्पा सुरू होऊन जकात जमा होताना दिसू लागली, तेव्हा कुठे श्रीमंत आणि त्यांच्या पाठोपाठ लंडनचे गुंतवणूकदार पुढे आले. अमेरिकन उद्यमशीलतेच्या कथेत खासगी भांडवल पहिले पाऊल टाकते आणि सरकार मागून येऊन अडथळे आणते, असे आपण ऐकत आलो आहोत. इथे क्रम उलटा होता: सरकारने जोखीम घेतली, गरिबांच्या ठेवींनी तिला आधार दिला, आणि नफा दिसू लागल्यावर मोठे भांडवल आत आले.

आता जमिनीकडे वळू. कालवा ज्या प्रदेशातून गेला तो हॉडेनोशोनी लोकांचा, म्हणजे ज्यांना इंग्रजी पुस्तके इरोक्वॉय म्हणतात त्या सहा राष्ट्रांच्या संघाचा प्रदेश होता. पूर्वेला मोहॉक, मग ओनायडा, ऑनंडागा, कयूगा आणि सर्वांत पश्चिमेला सेनेका अशी त्यांची घरे होती. टस्करोरा हे दक्षिणेकडून येऊन संघात सामील झालेले सहावे राष्ट्र. ही रानात भटकणारी माणसे नव्हती. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पिकवणारी त्यांची शेते होती, फळबागा होत्या, लांबलचक सामायिक घरांची गावे होती. स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्यापैकी बहुतेक राष्ट्रे ब्रिटिशांच्या बाजूने लढली, तेव्हा १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशाने जनरल जॉन सलिव्हन यांची फौज या प्रदेशात शिरली आणि तिने चाळीसहून अधिक गावे, उभी पिके आणि साठवलेले धान्य जाळून टाकले. शेते जाळणाऱ्या त्या सैनिकांनीच इथल्या मातीचा कस जवळून पाहिला, आणि युद्ध संपल्यावर त्यांच्यातले काही जण जमीन घ्यायला परत आले.

युद्धानंतरचे काम तलवारीऐवजी करारपत्रांनी झाले. सप्टेंबर १७९७ मध्ये, आजच्या जेनेसिओ गावाजवळ, बिग ट्री या ठिकाणी सेनेकांबरोबर बोलणी झाली. जमीन घेणारा होता रॉबर्ट मॉरिस, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाला पैसा उभा करून देणारा प्रसिद्ध सावकार. त्याने ही जमीन हॉलंडमधल्या बँकवाल्यांच्या कंपनीला आधीच विकून टाकली होती, पण सेनेकांनी हक्क सोडल्याशिवाय ती विक्री पूर्ण होत नव्हती. त्याचा मुलगा थॉमस बोलणी करायला बसला. सेनेकांचा नामांकित वक्ता सागोयेवाथा, ज्याला गोरे लोक रेड जॅकेट म्हणत, याने आधी ठाम विरोध केला. मग दारू आली, भेटवस्तू आल्या, काही प्रमुखांना वार्षिक रकमांची वचने मिळाली, आणि अखेर सह्या झाल्या. जेनेसी नदीच्या पश्चिमेचा जवळजवळ सगळा मुलूख १ लाख डॉलरना गेला. सेनेकांसाठी सुमारे २ लाख एकर राखीव जमीन उरली. एकरी भाव काढला तर तो सुमारे तीन सेंट पडतो, आणि तीच जमीन डच कंपनीने नंतर एकरी काही डॉलर दराने वसाहतकऱ्यांना विकली. ते १ लाख डॉलरसुद्धा हातात मिळाले नाहीत, ते बँकेच्या समभागांत गुंतवून त्यावरचे उत्पन्न देण्याची व्यवस्था झाली. मॉरिस पुढच्याच वर्षी दिवाळखोर होऊन तुरुंगात गेला, त्यामुळे या प्रदेशाच्या इतिहासात कर्जापायी कोठडीत गेलेली दोन महत्त्वाची माणसे सापडतात, एक जमीन घेणारा आणि दुसरा कालवा सुचवणारा. कालव्याचे ठरल्यावर डच कंपनीने सुमारे १ लाख एकर जमीन राज्याला देणगी म्हणून दिली. हा उदारपणा हिशेबी होता, कारण उरलेल्या जमिनीचा भाव कालव्यामुळे किती चढेल, हे तिला पक्के कळत होते.

जिथे पहिली कुदळ पडली त्या रोम गावाची गोष्ट याहून बोचरी आहे. मोहॉक नदी आणि पश्चिमेकडे वाहणारा वुड क्रीक यांच्यामध्ये इथे थोडेसेच अंतर आहे, आणि ओनायडा लोक व त्यांचे पाहुणे शतकानुशतके इथे होड्या खांद्यावर घेऊन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जात. स्वातंत्र्ययुद्धात ओनायडांनी अमेरिकनांची बाजू घेतली होती, त्यांच्यासाठी रक्त सांडले होते. तरीही १७८८ मध्ये इथल्याच किल्ल्यावर झालेल्या करारात राज्याने त्यांच्या ५० लाखांहून अधिक एकरांपैकी सुमारे ३ लाख एकर सोडून सर्व काढून घेतले. त्यानंतर १७९० मध्ये केंद्राने कायदा केला की केंद्राच्या संमतीविना कोणीही मूलनिवासींची जमीन विकत घेऊ नये, आणि राज्याने १७९५ मध्ये ही संमती न घेताच आणखी १ लाख एकर विकत घेतले. ही खरेदी बेकायदेशीर होती असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, पण तो १९८५ मध्ये. मधल्या १९० वर्षांत त्या जमिनीवर कालवा आला, लोहमार्ग आला, महामार्ग आला, गावे वसली, आणि २००५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की इतक्या उशिरा ओनायडांना तिथे आपली सत्ता पुन्हा प्रस्थापित करता येणार नाही. मला कायद्याचे शिक्षण नाही, पण हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले की उशीर नेमका कोणी केला, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

कालवा बांधणाऱ्यांकडे अभियांत्रिकीचे शिक्षण जवळजवळ नव्हते, कारण देशात ते मिळण्याची सोयच नव्हती. मुख्य अभियंते बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे मूळचे न्यायाधीश, जमिनीच्या वादांमुळे मोजणी शिकलेले. कॅनव्हस व्हाइट नावाचा तरुण मदतनीस इंग्लंडला गेला आणि तिथले कालवे पायी हिंडत पाहून, रेखाटून परत आला. पाण्याखाली घट्ट होणारे सिमेंट तोवर युरोपातून आणावे लागे. ते बनवता येईल असा चुनखडक सिराक्यूजच्या पूर्वेला शिटनँगो परिसरात, कालव्याच्या मार्गापासून जवळच, सापडला, आणि व्हाइटने १८२० मध्ये त्याचे पेटंट घेतले. शिक्षण नसलेल्या माणसांनी काम करता करता विद्या मिळवली. पुढच्या पिढीचे अनेक अभियंते याच कामावर तयार झाले.

कालव्याची मापे पाहिली तर तो आज किरकोळ वाटेल. वर ४० फूट रुंद, तळाशी २८ फूट, खोली अवघी ४ फूट. पण मार्गात दाट जंगल होते, म्हणून आधी झाडे पाडायची, मग बुंधे उपटायचे, मग खणायचे. बुंधे उपटण्यासाठी १६ फूट व्यासाच्या दोन प्रचंड चाकांचे यंत्र रचले गेले, ज्यावर सात माणसे आणि घोड्यांची जोडणी दिवसाला ३० ते ४० बुंधे काढू शकत. काम लहान लहान तुकड्यांत वाटून कंत्राटाने दिले होते आणि आरंभी बरेच कंत्राटदार आसपासचे शेतकरीच होते. पुढे आयर्लंडहून आलेले मजूर वाढत गेले. मजुरी दिवसाला ५० ते ८० सेंट, सोबत जेवण आणि दारूचा रतीब. माँटेझुमाच्या दलदलीत १८१९ च्या उन्हाळ्यात सुमारे हजार मजूर हिवतापाने आजारी पडले, त्यांतले कित्येक दगावले. ज्यांचा पुतळा उभा राहिला ते क्लिंटन. जे चिखलात कमरेपर्यंत उभे राहिले त्यांची नावे बहुतांशी कुठे नोंदलेलीही नाहीत.

पाहुणे आले की आम्ही त्यांना नायगारा दाखवतो आणि परतताना लॉकपोर्टला थांबतो, आणि मी प्रामाणिकपणे सांगते की मला लॉकपोर्ट अधिक आवडते. ज्या कड्यावरून नायगाराचा धबधबा कोसळतो तोच कडा पूर्वेकडे पसरत या गावातून जातो. होडीला हा सुमारे ६० फुटांचा कडा चढवायचा कसा, हा कालव्यापुढचा सर्वांत कठीण प्रश्न होता. नेथन रॉबर्ट्स यांनी एकावर एक अशी पाच लॉकची शिडी रचली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी पेटी: होडी आत घ्यायची, खालचा दरवाजा लावायचा, वरून पाणी सोडायचे, पाण्याबरोबर होडी वर येते, मग वरचा दरवाजा उघडून पुढच्या पेटीत जायचे. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या होड्यांची अडवणूक होऊ नये म्हणून अशा दोन शिड्या शेजारी शेजारी बांधल्या. त्याच्या पुढे कित्येक मैलांचा खोल चर होता आणि त्यातले सुमारे तीन मैल सलग खडकातून, बंदुकीची काळी दारू ठासून, फोडावे लागले. सुरुंगाचे दगड गावातल्या घरांच्या छपरांवर येऊन पडत. आज तिथे, पुढे कालवा रुंद करताना पुन्हा बांधलेल्या जुन्या शिडीच्या एका बाजूच्या पायऱ्या दिसतात, त्यांतले दोन लॉक पूर्वीसारखे लाकडी दरवाजे बसवून चालू केले आहेत, आणि शेजारच्या दोन आधुनिक लॉकमधून आजच्या होड्या जातात. जुन्या दगडांवरच्या छिन्नीच्या खुणा हाताने चाचपता येतात.

अशा एकूण ८३ लॉकांनी आणि नद्यांवरून पाणी नेणाऱ्या १८ पुलांनी १८२५ मध्ये कालवा पूर्ण झाला. २६ ऑक्टोबरला ‘सेनेका चीफ’ नावाची होडी क्लिंटन यांना घेऊन बफेलोहून निघाली. ही बातमी न्यूयॉर्कला कळवण्यासाठी वाटेत ऐकू येईल इतक्या अंतरांवर तोफा ठेवल्या होत्या आणि सुमारे दीड तासात आवाज समुद्रापर्यंत पोहोचला. ४ नोव्हेंबरला क्लिंटन यांनी सरोवराचे पाणी समुद्रात ओतले. होडीच्या नावाबद्दल मी वेगळे भाष्य करत नाही. सेनेकांच्या जमिनीची गोष्ट वर आलीच आहे.

परिणाम विलक्षण वेगाने दिसले. बफेलो ते न्यूयॉर्कचे टनामागचे भाडे १०० डॉलरवरून १० डॉलरच्या आसपास उतरले आणि वेळ निम्म्याहून कमी झाला. दहा-बारा वर्षांत जमा झालेल्या जकातीतून बांधकामाचे कर्ज फिटले. पूर्वेकडून माणसे, अवजारे, कापड आणि मीठ पश्चिमेला जाऊ लागले, पश्चिमेकडून गहू, पीठ आणि लाकूड पूर्वेला येऊ लागले. कालव्याच्या टोकापलीकडे सरोवरातून जहाजाने जाता येणाऱ्या मिशिगनमध्ये १८२० साली ९ हजारांच्या आत वस्ती होती, १८४० मध्ये ती २ लाखांवर गेली. त्या कापडी छताच्या गाडीतून निघालेल्या कुटुंबाला मी कमी लेखत नाही, पण त्यातली हजारो कुटुंबे गाडीतून नव्हे, तर खेचराने ओढलेल्या होडीतून, ताशी चार मैलांच्या गतीने, माणसे फळीवर एकमेकांना खेटून झोपलेल्या अवस्थेत पश्चिमेला गेली, आणि त्यांनी पिकवलेल्या धान्याला बाजार होता तो या कालव्यामुळेच.

आमचे रॉचेस्टर हे या घडामोडीचे सर्वांत ठळक अपत्य. मेरीलँडहून आलेले नेथॅनियल रॉचेस्टर आणि त्यांच्या दोन भागीदारांनी जेनेसी नदीच्या धबधब्याजवळ १०० एकर जमीन १८०३ मध्ये घेतली. शहराच्या मध्यभागी ९६ फूट कोसळणारा हा धबधबा आजही आहे, आणि त्याच्या बळावर पिठाच्या गिरण्या फिरवता येतील हे त्यांनी ओळखले. कालवा १८२३ मध्ये गावापर्यंत आला आणि नदीवरून तो दगडी कमानींच्या ८०२ फूट लांब पुलाने पलीकडे नेला. खाली नदी, वर कालवा, आणि काठावर गिरण्या, अशी रचना झाली. जेनेसी खोऱ्यातला गहू गिरणीच्या एका दाराने आत जाई आणि पिठाची पिंपे दुसऱ्या दाराने थेट होडीत चढत. गावची वस्ती १८२० मध्ये १,५०२ होती, १८३० मध्ये ९,२०७ झाली आणि १८४० मध्ये २० हजारांपलीकडे गेली. गिरण्यांच्या पाठोपाठ पिंपे बनवणारे, होड्या बांधणारे, लोहार, खोगीरवाले, छापखाने, सराया सगळे आले. ऑलिव्हर इव्हान्स यांनी १७९० मध्ये पेटंट घेतलेली, धान्य पट्ट्यावरच्या लहान डब्यांनी आपोआप वर चढवणारी पद्धत या गिरण्यांत वापरली जाई. हीच युक्ती १८४२ मध्ये बफेलोच्या जोसेफ डार्ट यांनी वाफेच्या यंत्रावर बसवली आणि जहाजाच्या पोटातून धान्य थेट उंच कोठारात चढवायला सुरुवात केली. त्याआधी हे काम पाठीवरून वाहणारे मजूर दिवसचे दिवस करीत; नव्या कोठारात तासाला हजार बुशेल धान्य चढू लागले. जगभर बंदरांत उभी असलेली धान्याची उंच कोठारे ज्या घराण्यातली, त्याची मूळ जागा बफेलोच्या खाडीकाठी आहे.

तोट्याचे धनीही याच कालव्याने निर्माण केले. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्माँटच्या खडकाळ डोंगरशेतीला पश्चिमेकडच्या स्वस्त गव्हाशी टिकाव धरता येईना. तिथली तरुण मुले जमीन सोडून पश्चिमेला निघाली, आणि त्या शेतकऱ्यांच्या मुली लोवेलसारख्या गावांतल्या कापडगिरण्यांत कामाला गेल्या. पश्चिमेचा विस्तार आणि पूर्वेचे औद्योगिकीकरण या दोन वेगळ्या प्रकरणांत विभागून शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी अशा एकाच पाण्याने बांधलेल्या होत्या. बफेलो शहर वाढू लागले तेव्हा शहराला चिकटून असलेली सेनेकांची राखीव जमीन गुंतवणूकदारांच्या डोळ्यांत खुपू लागली आणि १८३८ च्या करारात तिच्यासह उरलेल्या राखीव जमिनींवर घाला पडला. १७९७ च्या करारात कायमची म्हणून दिलेली बफेलोजवळची जमीन एकेचाळीस वर्षेच टिकली, कारण कालव्याने तिचा भाव वाढवला होता.

ज्या तर्काने रॉचेस्टर वाढले त्याच तर्काने ते मागेही पडले. कालव्याने शेती पश्चिमेकडे ढकलली, तसा गव्हाचा पट्टाही पश्चिमेकडे सरकला, आणि गहू जिथे पिकतो तिथेच दळायचा, म्हणून पिठाचा धंदा अखेर मिसिसिपीच्या काठी मिनिआपोलिसला गेला. दरम्यान लोहमार्ग आले. कालव्याला समांतर धावणाऱ्या लहान लहान कंपन्या १८५३ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी धावली त्याच वर्षी, एकत्र होऊन न्यूयॉर्क सेंट्रल ही मोठी कंपनी झाली. राज्याने कालवा ७० फूट रुंद आणि ७ फूट खोल केला, १८८२ मध्ये जकात रद्द केली, विसाव्या शतकात मोठ्या बोटींसाठी नवा मार्ग काढून तो १९१८ मध्ये खुला केला, पण मालवाहतूक हळूहळू हातची गेलीच. रॉचेस्टर शहरातून कालवा बाहेरून वळवल्यावर त्याच्या कोरड्या पात्रात १९२७ ते १९५६ या काळात भुयारी गाडी धावली, आणि नदीवरच्या दगडी पुलावर, म्हणजे १८४२ मध्ये पहिल्याच्या जागी बांधलेल्या दुसऱ्या पुलावर, पुढे वाहनांचा रस्ता झाला.

आज कालवा मुख्यतः हौशी होड्यांचा, सायकलस्वारांचा आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्यांचा आहे. खेचरांच्या वाटेचा मोठा भाग ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत जाणाऱ्या सायकलमार्गात सामावला आहे. हिवाळ्याआधी बऱ्याच भागांतले पाणी उतरवतात आणि वसंतात पुन्हा भरतात. हा सारा खर्च राज्याच्या वीज प्राधिकरणाखालचे एक महामंडळ करते. इकडे याल तर लॉकपोर्टला जाच, पण त्याच सहलीत रॉचेस्टरच्या आग्नेयेला व्हिक्टर गावाजवळचे गनोंडागन हे ठिकाणही ठेवा. फ्रेंचांनी १६८७ मध्ये जाळलेल्या सेनेका नगराची ती जागा आहे. तिथे त्यांचे लांब सामायिक घर पुन्हा बांधले आहे, शेजारी संग्रहालय आहे, आणि त्यांच्या जुन्या वाणाचा पांढरा मका तिथे पिठाच्या पिशव्यांतून विकतही मिळतो. सेनेका लोक आजही याच राज्यात, कॅटरॉगस आणि अ‍ॅलेगनी या राखीव प्रदेशांत, आपले निवडून दिलेले सरकार चालवून राहतात. मुलीच्या वहीत तिसरी ओळ म्हणून मी ही गोष्ट लिहायला सांगितली.